दर एका ओळीत सांगा

मुंबईतल्या ॲमेझॉनच्या क्लाउडवरून महिन्याभरात एक हजार जीबी डेटा बाहेर गेला, तर पहिले १०० जीबी माफ होतात आणि उरलेल्या ९०० जीबीला दर जीबीमागे १०.९३ सेंट पडतात. बेरीज ९८ डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. यात सर्व्हरचं भाडं नाही, डिस्क नाही, जीएसटी नाही. फक्त डेटा दाराबाहेर पडल्याचे पैसे. तोच एक हजार जीबी डिजिटलओशनच्या बंगळुरूमधल्या सहा डॉलरच्या सर्व्हरच्या भाड्यात धरलेला असतो, आणि त्याच सहा डॉलरांत एक जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क येते. हद्द ओलांडलीच तर पुढच्या प्रत्येक जीबीला एक सेंट.

क्लाउडची निवड करायला बसलेल्या छोट्या डेव्हलपरने ही दोन बिलं आधी शेजारी ठेवावीत. कोणती कंपनी मोठी, कोणाच्या सेवा जास्त, हे नंतर. पहिला प्रश्न एकच: महिनाअखेरीला किती पैसे जाणार, हे मला एक तारखेला सांगता येतं का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे बोलू. उत्तर ‘अवलंबून आहे’ असेल तर कार्ड खिशातच ठेवा.

आपल्याकडे ही निवड होते कशी, ते बघा. पुण्यातला किंवा कोल्हापुरातला एकटा डेव्हलपर. काम कसलं, तर एका क्लासच्या फीचं सॉफ्टवेअर, एखाद्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप, द्राक्षं निर्यात करणाऱ्या शेतकऱ्यांच्या फवारणीच्या नोंदी. वापरणारे पन्नास, फार तर पाचशे. या डेव्हलपरने नोकरीसाठी बड्या क्लाउडचा कोर्स केलेला असतो आणि कोर्समध्ये शिकलेली आकृती तो क्लासच्या फीवर जशीच्या तशी बसवतो. लोड बॅलन्सर येतो, वेगळा डेटाबेस येतो, कुबरनेटीस येतं. ॲमेझॉनवर कुबरनेटीसच्या क्लस्टरचा नुसता नियंत्रणाचा भाग तासाला १० सेंट घेतो. महिन्याला ७३ डॉलर झाले आणि अजून त्यावर एक ओळ कोडही चाललेला नाही. क्लासच्या सरांना यातलं काही कळत नाही, ते बिल भरतात. दोन-तीन महिने भरतात, मग ‘सॉफ्टवेअर परवडत नाही’ म्हणून वहीवर परत जातात. सॉफ्टवेअर परवडत होतं. परवडत नव्हती ती आकृती. एका चांगल्या कामाचा असा शेवट होतो तेव्हा नुकसान डेव्हलपरच्या नावाचं होतं, आणि त्या गावात पुढच्या मुलाला काम मिळणं अवघड होतं.

महिन्याची मेस आणि मोठ्या हॉटेलातलं मेनूकार्ड यांतला हा फरक आहे. मेसमध्ये वाटी किती, पोळ्या किती, पैसे किती, सगळं ठरलेलं. बड्या क्लाउडच्या मेनूकार्डावर दोनशेहून जास्त पदार्थ आहेत, आणि पाणी, ताट, टेबल यांचे पैसे वेगळे लागतात.

हे वेगळे पैसे कुठे कुठे लागतात, ते माहीत असावं. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट घेतं. महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर, फक्त पत्त्याचे. खासगी जाळ्यातल्या सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट देणारा नॅट गेटवे अमेरिकेतल्या सर्वांत स्वस्त विभागातही महिन्याला तीसेक डॉलर खातो, आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीचे पैसे त्यावर. टी३ जातीचा सर्व्हर घेतला की ‘अनलिमिटेड’ हा पर्याय आपोआप चालू असतो: प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेळ राबला तर जादा आकार लागतो, सर्व्हर हळू होत नाही. सर्व्हर थांबवून ठेवला तरी त्याची डिस्क मीटरवरच असते. यातली एकही गोष्ट लपवलेली नाही, सगळी दरपत्रकात आहे. पण ती दहा पानांवर विखुरलेली आहे, आणि दिवसभर कोड लिहून रात्री क्लायंटचे फोन घेणाऱ्या माणसाने ही दहा पानं जुळवून बेरीज करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

ठरलेल्या भाड्याच्या साध्या कंपन्यांमध्येही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. डिजिटलओशनवर सर्व्हर बंद केला तरी भाडं चालूच राहतं, तो पुसून टाकला तरच थांबतं. नवशिके इथे हमखास फसतात.

आता बिलाला वरची हद्दच नसली तर काय होतं, ते ऐका. २०२४ मध्ये एका डेव्हलपरने ॲमेझॉनच्या एस३ या फाइली साठवण्याच्या सेवेवर एक खासगी, जवळपास रिकामी बकेट तयार केली आणि दोन दिवसांनी तेराशे डॉलरच्या वर बिल पाहिलं. एका लोकप्रिय मुक्त सॉफ्टवेअरच्या नमुना सेटिंगमध्ये बकेटचं नेमकं तेच नाव लिहिलेलं होतं. जगभरातून त्या बकेटवर एका दिवसात दहा कोटींच्या आसपास विनंत्या आल्या. सगळ्या नाकारल्या गेल्या, आणि नाकारलेल्या विनंत्यांचेही पैसे लागले. ॲमेझॉनने ते बिल माफ केलं आणि मे २०२४ मध्ये नियमही बदलला. परवानगी नसलेल्या अशा विनंत्यांचा आकार आता बकेटच्या मालकाला लागत नाही. बदल चांगला झाला. पण एस३ मार्च २००६ पासून चालू आहे. या साध्या न्यायाला अठरा वर्षं लागली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नेटलिफाय या होस्टिंग सेवेवर एका साध्या, फुकट योजनेतल्या साइटच्या मालकाला एक लाख चार हजार डॉलरचं बिल आलं. साइटवर गाण्याची एक छोटी फाइल होती आणि कोणीतरी ती पुन्हा पुन्हा उतरवून घेण्याचा मारा केला होता. गाजावाजा झाल्यावर बिल पूर्ण माफ झालं. गाजावाजा करणं सगळ्यांना जमत नाही. जळगावच्या मुलाने अशी तक्रार मराठीत लिहिली तर ती कोणत्या मुख्य अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचेल?

बड्या क्लाउडवर बजेटची सूचना लावता येते, हे मला माहीत आहे. ती जरूर लावा. पण सूचना म्हणजे ईमेल. ती पैसे थांबवत नाही, आणि बिलाचा हिशोबच काही तास उशिराने अद्ययावत होतो. रात्री मारा सुरू झाला तर सकाळी तुम्ही ईमेल वाचता तोवर आकडा पुढे गेलेला असतो. ठरलेल्या रकमेला सेवा आपोआप बंद होईल, असं एक साधं बटण ग्राहकाला देणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य मुळीच नाही. ते देत नाहीत, हा धंद्याचा निर्णय आहे, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. जुलै २०२५ पासून ॲमेझॉनने नव्या खात्यांना एक फुकट योजना दिली आहे, तिच्यात तुम्ही स्वतःहून सशुल्क योजनेवर जाईपर्यंत पैसे कापले जात नाहीत. शिकणाऱ्यांसाठी ही चांगली सोय झाली. पैसे देणाऱ्या छोट्या ग्राहकालाही हेच संरक्षण हवं.

मग साध्या कंपन्या कोणत्या? लिनोड सर्वांत जुनी, २००३ ची. ॲमेझॉनने ईसी२ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा बाजारात आणली २००६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ती त्याच्याही आधीची. २०२२ मध्ये अकामाईने ती सुमारे ९० कोटी डॉलरना घेतली, पण एक जीबी रॅमचा पाच डॉलरचा सर्व्हर टिकला आणि मुंबईत तिचं केंद्र २०१९ पासून आहे. डिजिटलओशन न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली. २०१३ च्या सुमारास महिन्याला पाच डॉलरमध्ये एसएसडीचा सर्व्हर देऊन तिने ही सगळी बाजारपेठच हलवली. २०१६ पासून ती बंगळुरूत आहे. २०२२ च्या जुलैत पाचाचे सहा डॉलर झाले आणि त्याच वेळी चार डॉलरचा आणखी छोटा सर्व्हर आला. तिचे मार्गदर्शनपर लेख इतके चांगले आहेत की दुसऱ्या कंपनीचे ग्राहकही तेच वाचून सर्व्हर लावतात. वल्टरची केंद्रं मुंबई, दिल्ली आणि बंगळुरू अशा तिन्ही ठिकाणी आहेत. या तिघींच्या दरपत्रकाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे रॅम, डिस्क, डेटा आणि रक्कम एकाच ओळीत असते. ती ओळ तुम्ही क्लायंटला व्हॉट्सॲपवर पाठवू शकता, आणि त्यालाही ती कळते.

ॲमेझॉनकडेही लाइटसेल नावाची अशीच ठरलेल्या भाड्याची सेवा २०१६ पासून आहे. ती घ्यायची तर एक लक्षात ठेवा: मुंबई विभागात डेटाची हद्द इतर बहुतेक ठिकाणांच्या निम्मी आहे, आणि हद्दीबाहेरचा डेटा पुन्हा महागड्या दराने जातो.

जर्मनीची हेट्झनर स्वस्ताईत सगळ्यांच्या पुढे. युरोपातल्या तिच्या सर्व्हरला महिन्याला २० हजार जीबी डेटा भाड्यातच मिळतो. भारतात केंद्र मात्र नाही. २०२४ पासून सिंगापूरला आहे, पण तिथे डेटाची हद्द फार खाली आणली आहे. आता अंतराचं गणित बघा. पुण्यातून जर्मनीला जाऊन परत यायला डेटाच्या एका फेरीला सव्वाशे ते दीडशे मिलिसेकंद लागतात, मुंबईला मोजके काही. पान उघडताना अशा फेऱ्या एकामागून एक होतात, म्हणून गडचिरोलीतल्या स्वस्त फोनवर हा फरक बोटाला जाणवतो. तेव्हा ज्या ॲपवर माणसं बोट लावून बसलेली असतात, ते मुंबईत किंवा बंगळुरूत ठेवा. रात्री चालणारी कामं, बॅकअप, चाचणीचे सर्व्हर खुशाल जर्मनीला पाठवा.

देशी कंपन्यांचं काय? नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मुख्यालय असलेली ईएसडीएस २००५ पासून हा धंदा करते. बँका आणि सरकारी खाती तिचे मोठे ग्राहक. दिल्लीकडची ई२ई नेटवर्क्स २००९ ची, शेअर बाजारात नोंदलेली. आपल्या मातीत इतकी मोठी यंत्रणा उभी राहते याचा मला अभिमान आहे. म्हणूनच देशी होस्टिंगच्या सगळ्या धंद्याला माझं एक सांगणं आहे. छोट्या ग्राहकाला दर दाखवा. दराच्या जागी ‘आमच्याशी संपर्क साधा’ लिहिलेलं दिसलं की एकटा डेव्हलपर परत फिरतो. त्याला विक्री-प्रतिनिधीचा फोन नको असतो, रात्री अकरा वाजता स्वतःहून सर्व्हर चालू करायचा असतो. हा ग्राहक आज पाचशे रुपयांचा आहे, पाच वर्षांनी तोच पाच लाखांचा होतो. ती पाच वर्षं तो परदेशी कंपनीकडे काढतो आणि मग तिथेच राहतो.

रुपयांत बिल मिळणं ही देशी कंपनीची खरी ताकद आहे. परदेशी कंपनी नोंदणी नसलेल्या ग्राहकाला १८ टक्के जीएसटी लावते. म्हणजे सहा डॉलर हे सात डॉलरच्या वर जातात, वर बँकेचं परकी चलनाचं शुल्क. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तो कर रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा असतो, हे तुमच्या सीएला आधी सांगा. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम लागू झाले, तेव्हा अनेकांची परदेशी वर्गणी अडली होती. कार्ड अडलं की बिल थकतं, बिल थकलं की सर्व्हर बंद होतो. खात्यात दोन महिन्यांची रक्कम आगाऊ भरता येत असेल तर भरून ठेवा, आणि कंपनीकडे नोंदवलेला ईमेल पत्ता रोज उघडला जाणारा असू द्या.

फुकटाबद्दल थोडक्यात. हिरोकू या होस्टिंग सेवेवर एक अख्खी पिढी शिकली, आणि त्या सेवेची फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाली. ओरॅकल आजही भरपूर रॅमचा सर्व्हर फुकट देतं, पण तो पुरेसा वापरला जात नसेल तर परत घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतं. शिकायला फुकट वापरा. ज्याचे पैसे तुम्ही क्लायंटकडून घेता, ते काम फुकट सर्व्हरवर ठेवू नका. स्टार्टअपला मिळणारी क्रेडिटंही याच रांगेत बसतात: क्रेडिट चालू असताना माणूस आकृती मोठी करत जातो, क्रेडिट संपतं आणि त्या आकृतीचं पूर्ण बिल येतं.

आता बॅकअप, आणि इथे मी घाई करणार नाही. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी२ ही पाच मजली इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. लाखो साइट बंद पडल्या. ‘रस्ट’ या खेळाच्या २५ सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला. सर्वांत वाईट गोष्ट पुढे आली. बॅकअपचे वेगळे पैसे भरणाऱ्या एका ग्राहकाचा बॅकअपही मूळ सर्व्हरच्याच ठिकाणी ठेवलेला होता आणि तोही जळाला. लीलच्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळाली म्हणून डेटा परत येत नाही.

कंपनीचा बॅकअप घ्याच. बऱ्याच कंपन्यांकडे सर्व्हरच्या भाड्याच्या वीस टक्क्यांच्या आसपास तो मिळतो, आणि चुकून पुसलेली फाइल परत आणायला तो सगळ्यांत सोपा. पण त्याशिवाय डेटाबेसची एक प्रत रोज रात्री दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात गेली पाहिजे. खातं एखाद्या कारणाने अडलं, कार्ड नाकारलं गेलं, पासवर्ड चोरीला गेला, तर मूळ सर्व्हर आणि त्याच खात्यातला बॅकअप दोन्ही एकदम हाताबाहेर जातात. त्या क्लासची तीन वर्षांची फीची नोंद तुमच्या हातात आहे. सरांनी ती तुमच्यावर विश्वास टाकून वहीतून बाहेर काढली.

एक जीबी रॅमवर काय चालतं, असं विचारतात. उबुंटू, त्यावर एनजिनएक्स, पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट, आणि तुमचं ॲप. नीट लिहिलेलं ॲप असेल तर दिवसाला काही हजार भेटी यावर आरामात निघतात. कमी पडलं तर सर्व्हर बंद करून मोठा करायला काही मिनिटं पुरतात. एक गोष्ट मात्र आधी कळलेली बरी: बहुतेक कंपन्या नव्या खात्यावर ईमेल पाठवण्याचा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात. म्हणून पावत्या आणि ओटीपी पाठवायला वेगळी ईमेल सेवा घ्यावी लागते. तिचा खर्च क्लायंटच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच लिहा.

मोठ्या क्लाउडला माझा विरोध नाही. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ चा, मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे, गुगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. बँकेचं काम असेल, एका रात्रीत हजारपट गर्दी होणारी तिकीटविक्री असेल, हिशोब बघायला स्वतंत्र माणूस असेल, तर तिथे जा. पण मोठ्यांनाही हे बिल झोंबतं. बेसकॅम्पवाल्या ३७सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले, त्याच वर्षी क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि स्वतःचे सर्व्हर विकत घेतले. आणि मोठ्याकडे गेलं की पडझड होत नाही, हेही खरं नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनचा व्हर्जिनियातला विभाग अडखळला तेव्हा जगभरातली ॲप्स त्याच्याबरोबर बसली.

तेव्हा माझा निकाल असा. पाचशे वापरणाऱ्यांपर्यंतच्या कामाला मुंबईतला किंवा बंगळुरूतला ठरलेल्या भाड्याचा एक सर्व्हर, कंपनीचा बॅकअप, दुसऱ्या कंपनीकडे रोजची एक प्रत. करासकट महिन्याला हजार रुपयांच्या आत हे बसतं. दर बदलत राहतात, म्हणून घेण्याच्या दिवशी दरपत्रक स्वतः उघडून पाहा आणि करासकटची बेरीज क्लायंटला लेखी द्या. आणि ज्यांचे सर्व्हर आधीच चालू आहेत, त्यांना एक विनंती: या रविवारी तासभर काढा, दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीवरून तुमचा डेटाबेस एका कोऱ्या सर्व्हरवर परत उभा करून पाहा. उभा राहिला नाही, तर सोमवारचं पहिलं काम तेच.